वायफाय चालेना म्हणून

भाच्याने सेकंडहँड लॅपटॉप घेतला. विंडोज त्यावर रखडत होते, म्हणून मीच हौसेने लिनक्स मिंट टाकून दिले. लॅपटॉप पळू लागला, पण वायफायचे चिन्हच दिसेना. शिष्यवृत्तीच्या अर्जाला चार दिवस उरले होते. "मामू, दुसरे काहीतरी टाका ना," तो म्हणाला. मी टाकले. आधी उबंटू, मग फेडोरा, मग डेबियन. तीन रात्री गेल्या. दुसऱ्या रात्री घाईत डिस्क पुसली, तेव्हा त्याने सांभाळून ठेवलेले गुणपत्रिकांचे स्कॅनही गेले. तो काही बोलला नाही, पण आपा बोलली.

आम्हा लिनक्सवाल्यांना ही खोडच आहे. कुणी काही तक्रार केली की उत्तर ठरलेले: डिस्ट्रो बदल. माझे मत आता असे झाले आहे की वायफायच्या बाबतीत हा सल्ला बहुतेक वेळा आळसातून येतो. लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेले कर्नल या सगळ्या डिस्ट्रोंच्या पोटात आहे आणि वायफायचे बहुतेक ड्रायव्हर त्या कर्नलमध्येच असतात. मिंट तर उबंटूवरच उभे आहे. त्याच गल्लीत घर बदलले म्हणून नळाला वेगळे पाणी येत नाही.

कधी कधी येते, हेही मान्य. रिअलटेकच्या आरटीएल ८८२१सीई या चिपचा ड्रायव्हर २०२० साली कर्नल ५.९ मध्ये आला. जुने कर्नल असलेल्या डिस्ट्रोवर ती मुकी राहायची, नव्यावर बोलायची. माणूस म्हणतो, डिस्ट्रो बदलली आणि काम झाले. श्रेय मात्र नव्या कर्नलचे असते आणि ते आहे त्या डिस्ट्रोवरही बरेचदा चढवता येते. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये तशी सोयच आहे.

दुसरी भानगड फर्मवेअरची. हा चिपमध्ये भरायचा छोटा प्रोग्राम कंपनी लिहिते आणि त्याचा सोर्स कोड उघड करत नाही. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांचे फर्मवेअर तर परवान्यामुळे डिस्ट्रोला सोबत देताच येत नसे. ते इंटरनेटवरून उतरवून घ्यावे लागे. विहिरीला दोर हवा आणि दोर विहिरीतच!

डेबियनने मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वासाठी असे बंद फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये वर्षानुवर्षे घेतले नाही. २०२२ साली त्यांच्या सदस्यांनी मतदान करून तो नियम बदलला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते सोबत मिळू लागले. मला हा निर्णय योग्य वाटतो, फक्त उशिरा झालेला. तत्त्वाचा मी आदर करतो. पण चिप पारखून लॅपटॉप घेणे हे नवा लॅपटॉप घेणाऱ्याला जमते. जुन्या बाजारातून मिळेल तो उचलणाऱ्या पोराने काय करायचे? शुद्धतेची किंमत त्याने का मोजायची?

आमच्या लॅपटॉपचे दुखणे आणखी वेगळे निघाले. चौथ्या दिवशी मी शेवटी टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली, जी पहिल्या रात्रीच द्यायला हवी होती. चिपचे नाव कळले. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हताच. कंपनीचा बंद ड्रायव्हर वेगळा बसवावा लागणार होता. उबंटू बसवतानाच तशी एक चौकट समोर येते, तिच्यावर खूण न करता मी पुढे गेलो होतो. मिंटमध्ये तर ड्रायव्हर मॅनेजर नावाची खिडकीच त्यासाठी आहे. म्हणजे औषध पहिल्याच घरात होते. पुन्हा मिंट टाकले, फोन केबलने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला दिले आणि त्या खिडकीत ड्रायव्हर निवडला. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला असा बाहेरचा ड्रायव्हर कर्नल नाकारते, म्हणून तेही पाहून घेतले. लॅपटॉप पुन्हा सुरू केला. चिन्ह आले.

आता कुणी विचारले तर मी आधी चिपचे नाव विचारतो. डिस्ट्रो बदलायचीच असेल, तर डिस्क पुसण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय लागते का ते बघ, एवढेच सांगतो.

गुणपत्रिका झेरॉक्सच्या दुकानात पुन्हा स्कॅन केल्या. अर्ज शेवटच्या दिवशी संध्याकाळी गेला. आपाने मात्र अजून तिचा लॅपटॉप माझ्या हाती दिलेला नाही.