हिरवा चहा आणि आपलें यकृत

गेल्या वर्षीं आमच्या धाकट्या बंधूंची प्रकृति तपासून घेतली, तेव्हां सोनोग्राफीच्या अहवालांत 'यकृतांत मेदसंचय' असा शेरा आला. त्या रात्रीं पंगतीस कोणी फारसें बोललें नाहीं. ज्या माणसानें उभ्या जन्मांत मद्याचा थेंब जिभेस लाविला नाहीं त्याचें यकृत बिघडावें, हें घरांतील वडीलधाऱ्यांस पटेना. आणि लोक काय म्हणतील, ही चिंता रोगाहूनहि मोठी झाली. असा प्रसंग पुष्कळ वाचकांच्या घरीं आला असेल. म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करूं.

यकृत हा शब्द फार जुना. संस्कृतांतील 'यकृत्', लॅटिनमधील 'येकुर' आणि ग्रीक भाषेंतील 'हेपार' हीं एकाच कुळांतील भावंडें होत. अवयवहि तसाच थोर. वजन सुमारें दीड किलो, आणि काम कोठीघराचें. अन्नांतील जास्तीचा गोड व पिष्टमय भाग हें कोठीघर मेदांत बदलून टाकतें. जमेच्या मानानें खर्च होईनासा झाला, कीं मेद तेथेंच सांचतो. शंभरांपैकीं पांचांहून अधिक पेशींत तो दिसूं लागला म्हणजे वैद्य त्यास रोग म्हणतात. मद्य न पिणाऱ्यांच्या यकृतासहि मद्यपी माणसाच्या यकृतासारखीच सूज येते, हें अमेरिकेंतील मेयो क्लिनिकचे डॉ. लुडविग यांनीं १९८० सालीं दाखविलें. २०२३ सालीं तर या रोगाचें नांवच बदलून त्यांत चयापचयाचा निर्देश करण्यांत आला. तेव्हां यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र स्वस्थ बसण्यासारखेंहि नाहीं. कांहीं रोग्यांत मेदामागून सूज, सुजेमागून यकृताचें काठिण्य, असा हा क्रम वर्षानुवर्षें मुकाट्यानें चालतो.

आमच्या पुतण्यानें दुसऱ्याच दिवशीं हिरव्या चहाचा डबा आणिला. आत्याबाई म्हणाल्या, "अरे, परसांतला गवती चहा हिरवाच कीं! मग विकतचा कशाला?" प्रश्न भाबडा नाहीं. गवती चहा हें सुगंधी तृण. चहाच्या झाडाशीं त्याचें नातें केवळ नांवाचें. उलट आपला रोजचा काळा चहा व हिरवा चहा हीं एकाच झाडाचीं पानें. काळ्या चहासाठीं पानें सुकवून, चुरून हवेस ठेवितात. त्यामुळें पानांतील एन्झाइम आपलें काम करितें व 'कॅटेचिन' नांवाचीं द्रव्यें बदलून तांबूस होतात. हिरव्या चहासाठीं पानें खुडल्यावर लवकरच तापवितात, जपानांत वाफेवर, चीनमध्यें बहुधा कढईंत. एन्झाइम निकामी होतें आणि कॅटेचिनें पुष्कळशीं तशींच राहतात. १९२९ सालीं हिरव्या चहांतून कॅटेचिन वेगळें काढणाऱ्या मिचियो त्सुजिमुरा या जपानी विदुषी होत्या. १९३२ सालीं कृषिशास्त्राची डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या देशांतील त्या पहिल्याच स्त्री. या कॅटेचिनांत मुख्य जें द्रव्य, त्यास 'ईजीसीजी' म्हणतात.

हें द्रव्य यकृतांतील मेद घटवितें काय? स्निग्ध अन्नावर पोसलेल्या उंदरांत घटवितें, असें अनेक प्रयोगांत दिसलें आहे. माणसांविषयीं जपानांतील एक प्रयोग २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. कॅटेचिनें भरपूर असलेलें पेय बारा आठवडे घेणाऱ्यांच्या यकृताची स्थिति सुधारली. परंतु त्या प्रयोगांत रोगी किती? सतरा. सतरा मुलांच्या निकालावरून साऱ्या जिल्ह्याची योग्यता ठरवावी, असें मला चाळीस वर्षांच्या मास्तरकींत कधीं वाटलें नाहीं. हिरवा चहा आशा दाखवितो. तो औषध म्हणून सिद्ध झालेला नाहीं.

खरी ठेंच पुढेंच लागली. चहा कडवट लागतो म्हणून पुतण्यानें त्याच्याच अर्काच्या कॅपसूल आणून दिल्या. बंधु त्या सकाळीं उपाशी पोटीं घेत. दोन महिन्यांनीं रक्त तपासलें, तों यकृताचे आंकडे उतरण्याऐवजीं दुपटीवर गेले. डॉक्टरांनीं विचारलें, "दुसरें कांहीं घेतां काय?" बंधु म्हणाले, "नाहीं." त्यांनीं लबाडी केली नाहीं; चहा तो, औषध थोडेंच, अशी त्यांची समजूत. सुदैवानें कॅपसूल बंद करतांच आंकडे उतरले.

युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनें २०१८ सालीं हाच निर्वाळा दिला आहे. पाण्यांत उकळून प्यालेल्या हिरव्या चहांतून दिवसाकाठीं साधारणतः ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी पोटांत जातें व तें सामान्यतः निर्धोक आहे. परंतु अर्काच्या रूपानें ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेतल्यास यकृतास इजा झाल्याचीं चिन्हें रक्तांत दिसूं लागतात. २०२२ सालीं युरोपांत याहून कमी मात्रेचें बंधन घातलें गेलें आणि रिकाम्या पोटीं घेऊं नये, अशी सूचना वेष्टनावर सक्तीची झाली. क्वचित् कांहीं लोकांच्या यकृतास जन्मजात गुणामुळें कमी मात्राहि बाधते. पेला आणि अर्क यांत, उसाचा करवा आणि साखरेचें पोतें यांत असावें तितकें अंतर आहे.

गृहिणींसाठीं दोन शब्द. हा चहा साखर, गूळ, मध यांवांचून प्यावा. नाहीं तर एका हातानें काढावें व दुसऱ्यानें भरावें असें होतें. जेवणाबरोबर तो घेऊं नये, कारण धान्यभाज्यांतील लोह त्यामुळें अंगीं कमी लागतें. रक्त कमी असलेल्या सुनालेकींनीं तर जेवण व चहा यांत तासाभराचें अंतर ठेवावेंच. आणि डॉक्टरांकडे जातांना घेत असलेली प्रत्येक पुडी, काढा व कॅपसूल बरोबर न्यावी.

उपाय ठाऊक आहे, तो फक्त कष्टाचा आहे. वजन शेंकडा पांच उतरलें कीं यकृतांतील मेद घटूं लागतो; सात ते दहा उतरलें कीं सूजहि ओसरते. सत्तर किलोच्या माणसास हे साडेतीन ते सात किलो. बंधु आतां रोज पहांटे पाऊण तास चालतात, दुपारच्या दुसऱ्या चहास व रात्रीच्या भातास त्यांनीं रजा दिली आहे, आणि वजन चार किलो उतरलें आहे. पुतण्या बरेच दिवस खालीं मान घालून वावरत होता. त्याचा हेतु शुद्धच होता. आतां तोहि वडिलांबरोबर चालावयास जातो, आणि परत आल्यावर दोघे मिळून हिरव्या चहाचा एकेक पेला घेतात.