‘एक्सपॅट’ कोण, ‘इमिग्रंट’ कोण?

लंडनला भाचीकडे मी ‘अ प्लेस इन द सन’ पाहिली. चॅनेल ४ वर २००० सालापासून चालणारी ही मालिका ब्रिटिश जोडप्यांना स्पेनसारख्या देशांतली घरं दाखवते. ऊन, गच्ची, पोहायचा तलाव! तिथं स्थायिक झालेले ते ‘एक्सपॅट’. भाची लंडनमध्ये पंधरा वर्षं कर भरते, तरी ‘इमिग्रंट’च.

त्याच स्पेनमध्ये, उएल्वात, स्ट्रॉबेरी तोडायला मोरोक्कोतून बायका आणतात. लहान मुलं असलेल्या आयांना पसंती, कारण मुलांच्या ओढीनं त्या परत जातील! २०१८ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. या बायका त्या उन्हात कुठंच दिसत नाहीत. मैत्रिणींनो, बशीतली स्ट्रॉबेरी तोडली कुणी, हे आपण विचारायलाच हवं.