डोळे, कान आणि कॅज्युअल लीव्ह

संभाजीनगरात घर सिडकोत, नोकरी वाळूजला आणि पोर दोन वर्षांचं असेल, तर कॅज्युअल लीव्ह गोव्यासाठी उरत नाही. ती डोळ्यांत आणि कानांत जाते!

जुलै २०२३ मध्ये आळंदीत डोळ्यांची साथ भडकली आणि बघता बघता राज्यभर पसरली, आठवतंय? जो तो गॉगल लावून हिरो! पण नुसतं बघून डोळे येत नाहीत हो. हात, टॉवेल, रुमाल, हे खरे व्हिलन. ती साथ व्हायरसची होती, आणि व्हायरसवर अँटिबायोटिक ड्रॉप्सचा उपयोग नाही. मेडिकलवाल्याला विचारून स्टिरॉइडचे थेंब तर घालूच नका. उकळून गार केलेलं पाणी, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. पोराला उजेड सोसत नसेल तर मात्र डॉक्टर.

कान जास्त छळतो. हटकून रात्री दोनला! लहान मुलांची नाकामागून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे सर्दी झाली की कान ठरलेला. सासूबाई लसणाचं कोमट तेल घेऊन तयारच. ‘आई, दुखणं पडद्याच्या आत आहे, तेल तिथे पोचत नाही,’ म्हणायचं आणि वाटी हळूच ओट्यावर ठेवायची. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल द्यायचं. कानातून पू आला किंवा कानामागे सूज दिसली, तर लगेच दवाखाना.

राहिलं पाळणाघर. मीटिंग आहे म्हणून लाल डोळ्यांचं पोर ‘धूळ गेलीय’ सांगून सोडणारे आईबाप मला अजिबात पटत नाहीत. आमच्याकडे सोमवार-मंगळवार माझे, बुधवार नवऱ्याचा. गुरुवारी भांडण.