सीरम तोडताना

"शनिवारी तरी मोकळी आहेस ना?" मैत्रिणींच्या ग्रुपवर लोणावळ्याचा प्लॅन शिजत होता. मी नेहमीचं उत्तर टाकलं, "पेशींना विचारून सांगते." पूर्वी यावर हसणाऱ्या स्मायली यायच्या. आता नुसतं "ओके" येतं.

या कॉलमच्या नेहमीच्या वाचकांना माहितीय, अस्मादिकांची नोकरी पेशी वाढवण्याची आहे. तुम्ही आयटीवाले सर्व्हर सांभाळता, बँकवाले क्लायंट सांभाळतात, मी माकडाच्या किडनीच्या पेशी सांभाळते. व्हेरो त्यांचं नाव. १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात त्या आफ्रिकन ग्रीन मंकीच्या मूत्रपिंडातून वेगळ्या केल्या गेल्या. एस्पेरांतो भाषेत हिरव्या मूत्रपिंडाला 'वेर्दा रेनो' म्हणतात, त्याचं डोकं आणि शेपूट जोडून 'वेरो' झालं. त्याच भाषेत वेरो म्हणजे सत्य. रेबीजच्या, पोलिओच्या लशी यांच्यावर बनतात. सर्व्हर आणि यांच्यात फरक एवढाच, की सर्व्हर भुकेनं मरत नाही.

यांचं जेवण म्हणजे मीडियम. रंग एकदम झकास, रूह अफजात जरा जास्त पाणी पडल्यासारखा. पेशींनी खाऊन खाऊन ते आंबट केलं की पिवळं पडतं, म्हणजे वाढायची वेळ झाली. त्यात साखर, क्षार, जीवनसत्त्वं, अमिनो आम्लं. इथपर्यंत सगळं सात्त्विक. आणि मग त्यात दहा टक्के ओतायची ती मधाच्या रंगाची बाटली.

नोकरीच्या तिसऱ्या दिवशी मी सीनियरला विचारलं होतं, "हे काय असतं?" तो मास्कमधूनच म्हणाला, "एफबीएस. फीटल बोवाइन सीरम." पुढचं मी घरी येऊन वाचलं. कत्तलखान्यात कापलेली गाय गाभण निघाली, तर पोटातल्या वासराच्या हृदयात सुई घालून रक्त काढतात. ते गोठू देतात आणि वर जे पातळ राहतं ते बाटलीत भरतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात वर्षाला पाच लाख लिटर सीरम बनत होतं, त्यासाठी दहा लाखांहून जास्त वासरं. (पुण्यात सीरम म्हटलं की सगळ्यांना हडपसरची कंपनी आठवते. ते वेगळं. त्या नावातलं सीरम घोड्यांचं, धनुर्वातावरच्या औषधाचं.)

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. चातुर्मासात कांदा-लसूण बंद. मी घरी सांगितलं, "आम्ही पेशींना पोषक द्रव देतो." ते खोटं नव्हतं. अशी वाक्यं आपण सगळेच ऑफिसबद्दल घरी बोलतो.

मग आला जून २०२१. फॅमिली ग्रुपवर काकांनी फॉरवर्ड टाकला, कोव्हॅक्सिनमध्ये वासराचं रक्त! आणि आजीचे दोन्ही डोस कोव्हॅक्सिनचे. ग्रुप पेटला. १६ जूनला आरोग्य मंत्रालयाचा खुलासा आला, तो मी आजीला शब्दशः समजावला. नवजात वासराचं सीरम फक्त व्हेरो पेशी वाढवायला वापरतात, मग त्या पेशी अनेकदा धुतात, नंतर विषाणू वाढवतात, त्यात पेशीच नष्ट होतात, विषाणू मारून शुद्ध करतात, शेवटच्या लशीत सीरम नसतं. आजीनं सगळं नीट ऐकलं.

"तुझ्या लॅबमध्ये पण असतं का गं हे?"

"असतं."

"आणि वासराच्या आईचं काय होतं?"

"ती आधीच कापलेली असते, आजी."

ती काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून मी ऑफिसमधून आले की "आधी अंघोळ करून घे" म्हणायला लागली. रागानं नाही. पण म्हणायला लागली.

गेल्या वर्षी आमच्याकडे नवा प्रोजेक्ट आला, व्हेरोचं सीरम तोडायचं. लहान मुलाचं अंगावरचं दूध तोडतात ना, अगदी तसं. मी हात वर केला. आता प्रामाणिकपणे सांगते, कंपनीनं हे काही गाईच्या मायेनं काढलं नव्हतं. या धंद्यात माया फार कमी वेळा कामाला आली आहे, भीती जास्त. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये मॅड काऊ रोग ओळखला गेला, १९९६ मध्ये त्याचा माणसांच्या आजाराशी संबंध जाहीर झाला आणि औषध कंपन्यांची पळापळ सुरू झाली. गाईचं काहीही नको! आज कॅन्सरवरची कितीतरी अँटिबॉडी औषधं हॅमस्टरच्या पेशींवर बनतात आणि त्या पेशींना सीरमचा थेंबही लागत नाही. शिवाय सीरमच्या दोन बॅच कधी सारख्या नसतात. मागच्या बाटलीवर मस्त वाढलेल्या पेशी पुढच्या बाटलीवर तोंड वाकडं करतात. आणि किंमत! ५०० मिलीची बाटली हजारो रुपयांची. ती फुटली तर माझ्या डोळ्यांत पाणी येतं आणि तेव्हा मी वासराचा विचार करत नसते, हेही कबूल करते.

पण सीरम काढायचं म्हणजे नेमकं काय काढायचं? इथेच सगळी गोची आहे. सीरममध्ये शेकडो पदार्थ. त्यातलं पेशीला खरंच काय लागतं, हे ठाऊक नसल्यामुळेच तर आपण सगळंच ओततो. १९५५ मध्ये हॅरी ईगल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं एकेक पदार्थ काढून आणि घालून पेशींची किराणा यादी बनवली. तीच आजच्या मीडियमची आजी. पण तीसुद्धा शेवटी 'आणि थोडं सीरम' इथेच अडायची.

अडलेली गाडी पुढे ढकलली गॉर्डन सातोनं, आणि या माणसावर मी फिदा आहे. १९२७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जन्म, आई-वडील जपानी वंशाचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडलं, त्यात हा पोरगा मान्झानारच्या वाळवंटी छावणीत होता. पुढे कॅलिफोर्नियात प्राध्यापक झाला. त्याचं म्हणणं असं, की सीरम हे पेशीचं जेवण नव्हेच, ते टपाल आहे! शरीरात पेशीला 'वाढ', 'थांब', 'चिकटून बस' असे निरोप हॉर्मोन्स आणत असतात. सीरम म्हणजे त्या निरोपांनी भरलेली पिशवी. मग पिशवी कशाला, नेमकी पत्रंच द्या की. १९७६ मध्ये त्यानं आणि हायाशीनं उंदराच्या पिट्यूटरी ग्रंथीच्या पेशी सीरमऐवजी हॉर्मोन्सवर वाढवून दाखवल्या. आज कुठल्याही सीरमविना मीडियमच्या लेबलवर इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम हे त्रिकूट दिसतं, ते याच वाटेनं आलंय.

याच सातोनं नंतर एरिट्रियाच्या किनाऱ्यावर खारफुटी लावली. काही ठिकाणीच ती का उगवते? कारण पावसाचं पाणी तिथे नायट्रोजन, फॉस्फरस आणि लोह आणतं. मग तेवढंच रोपाच्या मुळाशी पुरायचं. ओसाड किनाऱ्यावर झाडं उभी राहिली, शेळ्या-मेंढ्यांना चारा झाला. पद्धत तीच ना? काय कमी आहे ते शोधा, तेवढंच द्या. त्या प्रकल्पाचं नाव त्यानं मान्झानारच ठेवलं. २०१७ मध्ये तो गेला.

आता माझी रडकथा. सीरम एकदम तोडत नाहीत. दहा टक्के, मग पाच, मग अडीच, मग एक. दर टप्प्यावर काही पॅसेज थांबायचं, म्हणजे पेशींना नव्या फ्लास्कमध्ये हलवत राहायचं. एक टक्क्यापर्यंत माझ्या मॅडम छान आल्या. एकावरून शून्यावर नेलं आणि दोन दिवसांत सगळ्या सुटून तरंगायला लागल्या. मेल्या. दुसऱ्यांदाही मेल्या. त्या आठवड्यात मी घरी कोणाशी धड बोलले नाही.

चूक फालतू निघाली. पेशी फ्लास्कला चिकटून असतात, त्यांना सोडवायला ट्रिप्सिन घालतात. ट्रिप्सिन प्रथिनं पचवतं. सोडवून झालं की वरून सीरमवालं मीडियम ओतायचं, सीरम त्या ट्रिप्सिनला गप्प करतं. आता सीरमच नाही म्हटल्यावर ट्रिप्सिनला गप्प करणार कोण? ते बसलं माझ्या पेशींनाच पचवत. पुस्तकात हे ढळढळीत लिहिलेलं असतं. मी जुन्या कार्यपद्धतीतून ती पायरी तशीच कॉपी-पेस्ट केली होती. कार्यपद्धत लिहिणारीही मीच, त्यामुळे कोणावर ओरडायचीही सोय नाही. उपाय काय, तर सोयाबीनमधून काढलेलं एक प्रथिन, ते ट्रिप्सिनला थांबवतं. सोयाबीन! आणि अँटिबायोटिक्सचा डोसही उतरवला, कारण सीरममधली प्रथिनं त्यांचा तडाखा थोडा झेलत असतात.

आणि एक गंमत. 'सीरम-फ्री' म्हणजे 'प्राणी-फ्री' नव्हे हं. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका शोधणाऱ्या घरातली मुलगी मी, मला लेबल वाचायची सवय. ट्रिप्सिन येतं डुकराच्या स्वादुपिंडातून. अल्ब्युमिन गाईच्या रक्तातून. स्टेम सेलवाले पेशींना बसायला ज्या जेलीची चादर अंथरतात, ती उंदराच्या ट्यूमरमधून. प्रत्येकाला पर्याय आहे, यीस्टमध्ये नाहीतर भाताच्या दाण्यात बनवलेली प्रथिनं. पण प्रत्येक पर्याय म्हणजे पुन्हा एक महिना, पुन्हा एक मेलेला फ्लास्क.

कधी कधी मात्र काढलं की बरंच होतं. २०११ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसनच्या लॅबनं स्टेम सेलचं मीडियम असंच सोलून काढलं. मर्कॅप्टोइथेनॉल नावाचं एक घाण वासाचं रसायन त्यात वर्षानुवर्षं घातलं जायचं. कळलं असं, की त्याची गरज गाईच्या अल्ब्युमिनमुळेच होती. अल्ब्युमिन काढलं तर ते रसायन उलट पेशींना त्रास देतं. दोघंही गेले, यादी आठ पदार्थांवर आली. तुमच्या ऑफिसात अशी माणसं असतील, एकानं घातलेला घोळ निस्तरायलाच दुसऱ्याला ठेवलेलं. असो.

त्या आठातला एक निरोप्या ३७ अंशांवर काही तासांतच मोडतो, म्हणून मीडियम रोज बदला, रविवारीसुद्धा. मग उष्णतेत टिकणारा सुधारित निरोप्या वापरून शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या मंडळींनी २०२० मध्ये नवं मीडियम काढलं. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकात चक्क 'वीकेंड-फ्री' असा शब्द आहे! शास्त्रज्ञांनी लिहिलेलं इतकं रोमँटिक मी दुसरं काही वाचलेलं नाही.

त्याच मीडियममध्ये यंत्रणेत बनवलेलं अल्ब्युमिन घालून २०२२ मध्ये बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात गाईच्या स्नायूंच्या पेशी सीरमशिवाय वाढवल्या, लॅबमधल्या मांसासाठी. २०१३ मध्ये लंडनमध्ये तो अडीच लाख युरोंचा बर्गर तळला गेला, तेव्हा त्यातल्या पेशी सीरमवरच वाढल्या होत्या, हे आठवा. गाय न मारता बीफ, पण वासराच्या रक्तावर! पण अल्ब्युमिन महाग. म्हणून पुढच्या वर्षी टफ्ट्सवाल्यांनी त्याच्या जागी मोहरीची बहीण जी रेपसीड, तिची पेंड घेऊन त्यातलं प्रथिन वापरलं. गोठ्यात गाईपुढे टाकतात ती पेंड, आता फ्लास्कमध्ये. हे मी आजीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

आमच्या घरी फ्रिजच्या दारात आजीचं इन्सुलिन असतं. परवा रात्री ती सुई टोचून घेत होती आणि मी शेजारी बसून माझ्या मीडियमची यादी तपासत होते. मी म्हटलं, "आजी, तू हे टोचून घेतेस ना, हेच मी त्यांना देते."

"पेशींना डायबिटीस झालाय?"

"नाही गं. त्यांना वाढायचा निरोप लागतो. सीरममधून मिळायचा तो आता यातून." मग तेही सांगितलं, की तिला सुरुवातीच्या वर्षांत मिळायचं ते इन्सुलिन बहुतेक गाईच्या नाहीतर डुकराच्या स्वादुपिंडातलं असणार. जिवाणूंकडून बनवून घेतलेलं माणसाचं इन्सुलिन अमेरिकेत १९८२ मध्ये बाजारात आलं, आपल्याकडे घरोघरी पोचायला बराच काळ गेला.

आजी सुईचं टोपण लावत थांबली. "म्हणजे मी इतकी वर्षं..."

"हो."

बराच वेळ ती त्या बाटलीकडे बघत बसली. मग बाटली फ्रिजमध्ये ठेवून आली आणि म्हणाली, "तुझ्या त्यांना किती युनिट लागतं? सकाळी की रात्री?"

तिसरा प्रयत्न सध्या शून्य टक्क्यावर आहे, सातवा पॅसेज. पेशी चिकटल्यात, जरा हळू वाढतायत. लॅबची दुसरी अर्धी बाजू अजून सीरमवरच चालते आणि मला तिथेही हात लावावा लागतो, त्यामुळे अंघोळ सुटलेली नाही. लोणावळ्याचं शुक्रवारी संध्याकाळी मोजणी झाल्यावर कळवते.