गाडी रात्री खाली बसते

आईचे गुडघे गेले त्या वर्षी मी एक जुनी ऑफ-रोड गाडी घेतली. वाक्य विचित्र वाटेल, पण कारण खरंच तेच होतं. ही गाडी बटण दाबलं की उंटासारखी खाली बसते. फार नाही, चार-पाच सेंटिमीटर. पण ज्याला पायरी चढताना देव आठवतो त्याला चार सेंटिमीटर म्हणजे काय ते विचारा. आई बसली की दुसरं बटण दाबायचं, गाडी उठते, आणि वाशीम-हिंगोली रस्त्यावरचे खड्डे ओलांडत आपण नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला जायचं. असा सगळा बेत होता.

कंपनीचं नाव घेत नाही. एक तर भांडण नको, आणि दुसरं म्हणजे या जातीच्या सगळ्या गाड्यांत रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते. आपली पातळी आपणच सांभाळणारी गाडी सित्रोएनने १९५५ साली पॅरिसला दाखवली होती, तिच्यात तेल आणि नायट्रोजन होता. हवेवर चालणारी, कॉम्प्युटरने सांभाळलेली व्यवस्था १९९२ साली रेंज रोव्हरमध्ये आली आणि मग टुआरेग, क्यू सेव्हन, जीएल असं करत पसरत गेली. लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराचे चार फुगे. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर, जो बॉडी किती उंचीवर आहे ते सांगतो. एक कंप्रेसर, एक हवेची टाकी, हवा सुकवणारे दाणे भरलेला एक डबा, आणि कुठल्या चाकाला हवा द्यायची ते ठरवणारे व्हॉल्व्ह. मागे पाच माणसं बसली की मागची बाजू दबते, सेन्सर ओरडतो, कंप्रेसर हवा भरतो, गाडी परत सपाट. मोठी मायाळू व्यवस्था आहे. आणि हा मायाळूपणाच पुढे आम्हाला नडला.

झालं असं की पुण्याहून येताना वाशीम सोडलं आणि डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा पिवळा दिवा लागला. पैनगंगेचा पूल येईपर्यंत गाडी चारही पायांनी खाली. कनेरगाव नाक्याला पोहोचलो तेव्हा प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जात होता. आई मागे गप्प. (ती गप्प बसली की जास्त भीती वाटते.)

हाच दिवा आठ महिन्यांपूर्वीही लागला होता. तेव्हा एका मोठ्या शहरातल्या चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली होती. त्यांनी कॉम्प्युटर जोडला, कॉम्प्युटर म्हणाला की टाकी भरताना दाब फार हळू वाढतोय. म्हणजे कंप्रेसर दमला. कंप्रेसर बदलला. बिल लाखाच्या घरात. मी एका शब्दाने काही न विचारता कार्ड पुढे केलं. कॉम्प्युटरनेच सांगितल्यावर आपण कोण विचारणारे?

कनेरगाव नाका म्हणजे सरहद्दीवरचं गाव. इकडे मराठवाडा, पलीकडे वऱ्हाड. १९४८ पर्यंत तर इकडे निजामाचं राज्य आणि तिकडे नाही, असा प्रकार होता. आजही तिथे हिंगोलीच्या आणि वाशीमच्या दोन्ही बोली एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात. रस्त्यालगत एक पत्र्याची शेड होती, ट्रकच्या एअर ब्रेकची कामं करणाऱ्या मिस्त्रींची. माझी गाडी बघून ते हसले. "अशी गाडी आमच्याकडं कशाला येतेय साहेब. पण हवेचंच काम हाय ना? मग पाहू." पूर्वी ते ट्रॅव्हल्सच्या बसेसवर होते. २००१ पासून आपल्याकडे व्होल्वोच्या बसेस आल्या, त्यांच्या खालीही हवेचे फुगेच असतात. त्यांना ते बलून म्हणत होते.

मी मोबाईलला जोडायचा स्कॅनर काढला आणि मोठ्या ऐटीत कोड वाचून दाखवला. तोच जुना कोड. "म्हणजे कंप्रेसर," मी म्हणालो. मिस्त्री म्हणाले, "कंप्रेसर तर बोंबलून राह्यला. पण त्याला मारून कोण राह्यलं?"

या एका प्रश्नावर मला हा सगळा लेख लिहावासा वाटला.

कंप्रेसर थंड झाल्यावर गाडी हळूहळू परत उठली, म्हणजे तो मेला नव्हता, तापून स्वतःहून बंद पडला होता. मिस्त्री म्हणाले गाडी रात्रभर इथंच राहू द्या. मी आईला घेऊन एसटीने हिंगोलीला गेलो. एसटीची पायरी चढताना आईने माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहीत नाही.

सकाळी परत आलो तर गाडी खाली बसलेली. पण चारही बाजूंनी सारखी! कुठला बलून गळतोय म्हणावं? मिस्त्रींनी शेडमध्येच बाज टाकली होती. ते म्हणाले, रात्री गाडी बंद, चावी माझ्या उशाला, आत कुणी नाही, आणि तरी गाडीतून दोनदा फुस्स असा आवाज आला. त्यांनी टॉर्च लावून पाहिलं तर धडधाकट बाजू आपणहून खाली येत होती.

तुमच्या लक्षात आलं का? बंद गाडीतला कॉम्प्युटर ठरावीक वेळाने जागा होतो आणि गाडी वाकडी दिसू नये म्हणून पातळी करतो. कंप्रेसर बंद असल्याने त्याला कुणाला उचलता येत नाही. मग तो काय करतो? जो कोपरा सर्वात खाली गेलाय त्याच्या पातळीला उरलेल्या तिघांना आणतो, त्यांची चांगली हवा सोडून देऊन. सकाळी मालक येतो तेव्हा चौघेही सारखेच आजारी. खरा आजारी कोण ते गाडीनेच लपवलेलं असतं.

दुसऱ्या रात्री आम्ही सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवला. फ्यूज नाही म्हणजे कॉम्प्युटर जागा होणार नाही, व्हॉल्व्ह बंदच राहतील, ज्याची हवा जाईल तोच बसेल. चारही चाकांवर मापं घेतली, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून घ्यायची नाहीत, टायरची हवा आणि जमिनीचा उतार मधे येतो. मापं खडूने पत्र्यावर लिहिली. सकाळी तीन आकडे जवळजवळ तेच. मागचा डावा चार बोटं खाली.

मग फ्यूज लावून गाडी सर्वात उंच केली, खाली लाकडी ठोकळे आणि घोडे लावले. हवेच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, एवढं मिस्त्री मला तीनदा बोलले. उंच का करायची, तर रबराची जी घडी एरवी मिटलेली असते ती उघडते आणि चिरा दिसतात. साबणाचं पाणी मारलं. घडीच्या रेषेवर मोहरीएवढे बुडबुडे. झालं निदान. खर्च कपडे धुण्याच्या साबणाची अर्धी वडी.

आता मागे वळून हिशेब लावा. मोहरीएवढी गळती. ती भरून काढायला कंप्रेसर वारंवार धावणार. तो थोडा वेळ चालून विश्रांती घेण्यासाठी बनवलेला, सतत पळण्यासाठी नाही. शिवाय गाडी खाली येताना जी हवा बाहेर जाते ती त्या दाण्यांच्या डब्यातून उलटी जाते आणि जाता जाता दाण्यांतली ओल घेऊन जाते. चिरेतून गेलेली हवा त्या डब्याकडे परत येतच नाही. दाणे ओले राहतात, ओल पुढे व्हॉल्व्हमध्ये जाते. असे एकामागून एक पार्ट मरतात आणि प्रत्येकाच्या नावाने कॉम्प्युटर एकेक कोड देतो. कोड खोटा नसतो. तो फक्त ओरडणाऱ्याचं नाव सांगतो.

दरवेळी बलूनच असतो असंही नाही. रात्रीत बसली तर बहुधा गळती, पण चालता चालता एकदम कलली तर आधी सेन्सर किंवा त्याची दांडी पाहावी. तिथे चिखल-शेण बसलेलं असू शकतं. कंप्रेसर थांबतच नसेल तर एखादा चिकटलेला रिले. स्वस्तातलं आधी, महागातलं नंतर.

सर्व्हिस सेंटरला मी सरसकट शिव्या घालणार नाही. त्यांच्याकडे गाडी दोन रात्री ठेवून शेजारी झोपणारा माणूस नाही, आणि मीच त्यांना दर तासाला फोन करून "झाली का?" विचारत होतो. पण माझी तक्रार आहे ती बिलाच्या रचनेबद्दल. त्या बिलावर पार्ट होता, मजुरी होती, कर होता. पाहण्याचे पैसे कुठेच नव्हते. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम कोण कशाला करेल? आणि गिऱ्हाईक म्हणून आपणही तसेच. मिस्त्रींनी सांगितलं असतं की दोन रात्री पाहिली, त्याचे दोन हजार, तर माझ्या तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं असतं? "पण तुम्ही बदललं काय?" लाखाचा डबा बदलला तेव्हा मी हा प्रश्न विचारला नव्हता, कारण डबा दिसत होता.

मिस्त्रींनी सांगितले फक्त बलून बसवायचे पैसे. (बलून पुण्याहून मागवला, दोन दिवस गेले.) मी जास्त द्यायला गेलो तर म्हणाले, "झोपल्याचे पैसे घेतेत का कुठं?" शेवटी आईने त्यांच्या नातीच्या हातात ठेवले, तेव्हा चालले.

नर्सीचं दर्शन झालं. गाडी बसली, आई चढली, गाडी उठली.

तेव्हापासून महिन्यातून एका रात्री मी फ्यूज काढतो आणि चार मापं पार्किंगच्या भिंतीवर पेन्सिलने लिहितो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी भिंतीबद्दल एकदा विचारून झालंय. मागच्या उजव्या बाजूचा आकडा गेले दोन महिने थोडा थोडा हलतोय. साबण आणून ठेवलाय.