अँटिक म्हणे!

परवा शुक्रवारी हापिसातून निघता निघता एका मित्राचा फोन. "अरे, एक अँटिक सिंगर मिळतंय. शिवणाचं मशीन. १८५१ चं आहे! पंचवीस हजार म्हणतोय, बावीसला देईल. घेऊ ना?" गडी एकदम खुशीत. तुला शिवता येतं का, असं विचारलं तर म्हणाला, "शिवायला कोण घेतंय? हॉलमध्ये ठेवायचंय."

झालं! माझी शनिवारची सकाळ याच्यावर गेली, आता तुमचीही घालवतो.

आधी ते १८५१ निकालात काढू. त्या साली अमेरिकेत आयझॅक सिंगरला पेटंट मिळालं आणि कंपनी उभी राहिली, हे खरं. पण मित्राच्या मशीनवर हे साल लिहिलंय कुठे? तर खांबावरच्या पितळी बिल्ल्यावर. म्हटलं, फोटो मोठा करून बघ. बिल्ल्याची कड निळी, इंग्रजीत 'अ सेंच्युरी ऑफ सोइंग सर्व्हिस' आणि पुढे १८५१-१९५१. अरे बाबा, कंपनीनं आपली शंभरी साजरी करायला लावलेला बिल्ला आहे तो! म्हणजे मशीन १९५१ च्या आसपासचं. हॉटेलच्या पाटीवर 'स्थापना १९३५' लिहिलंय म्हणून समोर आलेली मिसळ १९३५ ची असते का?

विकणाऱ्याला हे ठाऊक नसतं असं मला वाटत नाही. दिवसाला दहा मशीनं ज्याच्या हाताखालून जातात त्याला १९५१ वाचता येत नाही? पण आपल्यालाच अर्धा बिल्ला वाचायचा असतो. 'अँटिक' हा शब्द कानावर पडला की भल्याभल्या इंजिनियर लोकांचं डोकं बंद पडतं. तेच लोक सेकंडहँड मोटारसायकल घेताना चासी नंबर तपासतात, इंजिनचा आवाज ऐकतात, आरसी बुक मागतात. मशीनलाही नंबर असतो हो! सिंगरच्या बैठकीवर उजव्या हाताला, खांबाच्या पायाशी ठोकलेला असतो. शंभर वर्षांचा मळ असेल तर फडक्याला थोडं मशीनचं तेल लावून पुसा, दिसतो.

आणि तो नंबर भरपूर बोलतो. नुसते आकडे, अक्षर नाही, तर मशीन १९०० च्या आधीचं. पुढे अक्षरं आली आणि अक्षरावरून कारखाना कळायला लागला. आपल्याकडे हमखास सापडतात ती स्कॉटलंडमधल्या क्लाईडबँकची. तिथला कारखाना १८८५ ला सुरू झाला आणि १९८० ला बंद पडला. एकच 'वाय' आणि पुढे आकडे असतील तर साधारण १९२२ ते १९३५ मधलं मशीन. त्यानंतर दोन अक्षरं, पहिलं 'ई'. मॉडेलच्या आकड्यामागे 'के' असेल, उदाहरणार्थ १५ के, तर तो 'के' किलबोवीचा. क्लाईडबँकमधल्या ज्या जागेवर कारखाना होता तिचं नाव ते. एक मात्र लक्षात ठेवा. नंबरावरून निघणारी तारीख ही नंबरांचा गठ्ठा कारखान्याला दिला गेला तेव्हाची असते, तुमचं मशीन दारातून बाहेर पडलं त्या दिवसाची नाही. त्यामुळे 'आमच्या पणजीच्या लग्नाच्या दिवशीच बनलंय' वगैरे सांगू नका.

नंबर पुसला गेला असेल किंवा रंगाखाली गडप असेल तर खाली वाका आणि बॉबिन बघा. लांब बारीक बॉबिन आणि बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शटल असेल तर २७ किंवा २८ च्या घराण्यातलं. गोल बॉबिन, डबीत बसवून डाव्या अंगानं आत घालायची असेल तर १५ चं. गोल बॉबिन वरूनच, झाकण सरकवून टाकायची असेल तर ६६ किंवा त्याचं धाकटं भावंड ९९. यात १५ नंबर हा आपल्याकडचा राजा. लुधियानात याच्या इतक्या नकला झाल्या की गल्लीतल्या शिंप्याचं काळं मशीन बहुतेक वेळा याच वंशाचं निघतं, वर नाव काहीही असो. म्हणूनच वरच्या सोनेरी अक्षरांवर अजिबात विश्वास ठेवू नका. नवा काळा रंग मारून 'सिंगर'चं स्टिकर चिकटवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता गंमत बघा. खरोखर जुनं, सिंगरचं १२ नंबरचं मॉडेल वगैरे एकोणिसाव्या शतकातलं मशीन कुणी तुम्हाला दिलंच, तर त्याला लागणारी सुई तुम्हाला पेठेत मिळणार नाही. १५ नंबरला आजही कोपऱ्यावरच्या दुकानातली साधी सुई चालते, बॉबिन चालते, डबी चालते. म्हणजे बावीस हजार देऊन जे जुनेपण विकत घ्यायचं, ते जितकं खरं तितकं मशीन निकामी होण्याची शक्यता जास्त! आणि दुर्मिळ म्हणाल तर तेही नाही. १९१३ साली एकट्या क्लाईडबँकमधून १३ लाखांवर मशीनं बाहेर पडली होती. आणि ही ओतीव लोखंडाची, सहजासहजी मरत नाहीत.

या अँटिकवेडाची कमाल झाली होती २००९ मध्ये, सौदी अरेबियात. जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' असतो आणि त्याला सोन्याहून जास्त भाव आहे, अशी अफवा उठली. चाचणी काय, तर मोबाईल सुईजवळ न्यायचा, बंद पडला तर पारा आहे! लोकांनी हजारो रियाल मोजले. पारा अर्थातच नव्हता. हसू नका, आपल्याकडचा बावीस हजारवाला वेगळा नाही, फक्त त्याची अफवा जरा सुशिक्षित आहे.

पण फसवणुकीचा मला एवढा राग नाही. पैसे त्यांचे, जावोत. राग आहे तो पुढच्या पायरीचा. कुठल्याही नव्या कॅफेत जा, मशीनच्या ओतीव स्टँडवर लाकडी फळी टाकून टेबल केलेलं असतं. खाली पायडल हलतं, पोरं कॉफी पिताना हलवत बसतात. वरचं मशीन कुठे गेलं? भंगारात, किलोच्या भावानं. "निदान स्टँड तरी वाचलं" असं म्हणणारे भेटतात. म्हणजे गाईचं कातडं वाचलं म्हणायचं. तडा गेलेलं, गंजून एकजीव झालेलं मशीन असेल तर खुशाल टेबल करा, माझी हरकत नाही. पण चालतं मशीन?

हे मी इतकं तावातावानं का बोलतोय ते सांगतो. आमच्या कराडच्या घरी असंच एक काळं पायमशीन होतं. आई त्यावर ब्लाऊज शिवायची, साड्यांना फॉल लावायची, दिवाळीत रात्री एक-एक वाजेपर्यंत टीप मारायची. त्या खटखटीत मी बारावीचा अभ्यास केलाय. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाची निम्मी फी त्या मशीननं भरली. नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला मी शहाण्यानं काय केलं? आईला प्लास्टिकचं, पांढरंशुभ्र, विजेवर चालणारं नवं मशीन आणलं, आणि जुनं दारावर आलेल्या एका माणसाला दीड हजाराला दिलं. तो म्हणाला, "साहेब, अँटिक आहे, चांगल्या घरी जाईल." मला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

नवं मशीन ब्लाऊजला ठीक आहे. गोधडीचे चार थर दिले की कण्हतं, जीन्सच्या शिवणीवर अडतं. आई काही बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "त्याला पायात जोर होता रे." मग मी ते परत शोधायला निघालो. जुन्या बाजारात दोन रविवार घातले. प्रत्येक दुकानदार विचारायचा, "नंबर काय होता?" बारा वर्षं ज्याच्या शेजारी बसून अभ्यास केला त्याचा नंबर मी एकदाही वाचला नव्हता. सिंगर होतं की नक्कल होती, तेसुद्धा मला छातीठोक सांगता येत नाही. तेव्हापासून मी दिसेल त्या मशीनची उजवी बाजू पुसून बघतो. सवय झालीये.

असो. मित्राच्या मशीनचा नंबर निघाला, 'ई', आणखी एक अक्षर आणि सहा आकडे. क्लाईडबँकचं, १५ के. विकणाऱ्याला निळ्या कडेचा बिल्ला पूर्ण वाचून दाखवल्यावर भाव साडेचार हजारावर आला. चाक अडकत होतं. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकाकांनी रॉकेलनं धुवून, तेल पाजून, नवा पट्टा आणि सुई घालून दिली, सातशे रुपये घेतले. "अजून पन्नास वर्षं चालेल, पण वापरलं तर," म्हणाले.

मशीन हॉलमध्येच आहे. काल मित्रानं उशीच्या अभ्र्याचा फोटो पाठवला. टीप सापासारखी गेलीये, पण तो दोष मशीनचा नाही.