पायाच्या चिखल्या : मलम पारखून घ्या

मृगाचा पाऊस पडून गेला, धानाच्या बांधीत रोवणी लागली, की घरोघरी पायांना चिखल्या होतात. नागपुरात लकडगंजच्या आरा मशीनवर दिवसभर बंद बुटात राबणाऱ्या मजुरालाही त्या चुकत नाहीत. चिखल असो की घाम, बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की बुरशीचे फावते.

ओळख : करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात आधी पाहावे. कातडी पांढरी, फुगलेली, सोललेली दिसते. खाज सुटते, वास येतो. काहींच्या तळव्याचे कोंड्यासारखे पापुद्रे निघतात. त्याला भेगा समजून लोक नुसते तेल चोळत बसतात. पायावर बधिर चट्टा असेल, तर मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. तपासणी व औषध दोन्ही मोफत आहेत.

उपाय : शेतातून आल्यावर पाय साबणाने धुवावेत. बेचके सुती फडक्याने कोरडे करावेत. मग क्लोट्रिमॅझोल १ टक्का मलम सकाळ-संध्याकाळ पातळ लावावे, डागाच्या कडेबाहेरही दोन बोटे. आठवड्यात खाज थांबली म्हणून सोडू नये; चार आठवडे लावावे. तरीही न हटल्यास डॉक्टरांना दाखवावे. फडके व चपला प्रत्येकाच्या वेगळ्या ठेवाव्यात. बूट उन्हात वाळवावेत.

सावधान : दुकानात पुष्कळदा मिश्र मलम हाती देतात. नळीवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे नाव असेल, तर ते स्टिरॉइड समजावे. खाज दोन दिवसांत जाते, पण बुरशी मरत नाही. ती पसरते आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाही. केंद्र सरकारने २०१८ साली १४ स्टिरॉइडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली आहे. तेव्हा चिठ्ठी नसेल तर अशी नळी परत करावी.

आपल्या विदर्भात हत्तीरोग आहे. ज्यांचा पाय सुजलेला असतो, त्यांना बेचक्यातली एवढीशी चीरही महागात पडते. तिथून जंतू शिरतात, ताप भरतो, जांघेत अवधाण येते आणि दर खेपेला सूज वाढते. मधुमेह्यांनाही तसाच धोका. अशा माणसांनी घरगुती उपाय करत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाकून बेचके पाहता येत नाहीत. त्यांचे पाय रात्री निजण्यापूर्वी कुणीतरी पाहावेत.